बाबांचा पार्किन्सन्स आणि 'मायटोकॉन्ड्रियाची साफसफाई' : पॅकेज घ्यावं का?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये त्यांची पस्तीस वर्षं गेली. टूलरूम ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर बघणारा हात. चार वर्षांपूर्वी दूधवाल्याच्या वहीतलं त्यांचं अक्षर बारीक व्हायला लागलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला '१ लि.' ठळक, तीस तारखेला मुंगीएवढं. आम्ही चेष्टा केली, की बाबा आता शाईसुद्धा वाचवतात. त्याच्याही दोन वर्षं आधी एकदा गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हे स्वयंपाकघरात शांतपणे पेपर वाचत बसले होते. वासच येत नव्हता. हे दोन्ही याच आजाराचे निरोप होते, हे फार नंतर कळलं.

सध्या गोळ्यांवर ठीक आहेत. उजवा हात थरथरतो, चालताना तो हलत नाही, आणि लिफ्टच्या दारात पाय जमिनीला चिकटतात. आत लोक खोळंबलेले, बाबा उंबऱ्यावर, आणि पाऊल काही उचलत नाही.

आता मुद्दा. घोडबंदर रोडवरच्या एका वेलनेस सेंटरमध्ये आईला तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने नेलं. तिथल्या बाईंनी स्क्रीनवर छान चित्रं दाखवली. पार्किन्सन्स म्हणजे मेंदूच्या पेशींमधले खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया साचणं, आमच्या तीन महिन्यांच्या पॅकेजने ते साफ होतात, यावर नोबेल मिळालेलं आहे, वगैरे. पॅकेज ३८ हजार रुपये. त्यात कसल्याशा कॅप्सूल, एक पावडर, एक मल्टीव्हिटॅमिन आणि आठवड्यातून दोन दिवस उपास. वर एक वाक्य सहज टाकलं, "हळूहळू इंग्लिश गोळ्या कमी करता येतील."

आई पैसे भरून मोकळी व्हायच्या बेतात आहे. मला दोनच गोष्टी कळत नाहीत. हे सगळं थोतांड असेल तर नोबेलचं काय? आणि खरं असेल तर आमच्या न्यूरोलॉजिस्टनी चार वर्षांत एकदाही हे का नाही सांगितलं?

तिरकस

३८ हजारांत तीन महिने? आमच्या सोसायटीची टाकी साफ करणारा यापेक्षा स्वस्तात करतो आणि फोटोही पाठवतो.

कळवा_दवाखाना

पाचपाखाडीकर, मी न्यूरोलॉजिस्ट नाही, साधा जनरल प्रॅक्टिशनर आहे. बाकीची चर्चा होत राहील, पण त्या 'इंग्लिश गोळ्या कमी करता येतील' या वाक्याबद्दल आधी लिहितो. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळीतलं मुख्य औषध, स्वतःच्या किंवा वेलनेसबाईंच्या मनाने कमी करू नका. एकदम बंद केली तर माणूस ताठरतो, ताप चढतो, आयसीयूपर्यंत जायची वेळ येते. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, असे रुग्ण येतात.

दुसरं. त्या मल्टीव्हिटॅमिनच्या डबीवर मागे बारीक अक्षरात लोह लिहिलंय का बघा. लोह पोटात लेव्होडोपाला धरून ठेवतं आणि औषध कमी शोषलं जातं. दोन्हींत काही तासांचं अंतर लागतं.

तिसरं, आणि हे तुम्ही विचारलेलं नाही. सकाळची गोळी कशाबरोबर घेतात?

पाचपाखाडीकर

डॉक्टर, दुधाबरोबर. अगदी पहिल्या दिवसापासून. रिकाम्या पोटी गोळी नको असं आईचं म्हणणं. आणि हो, डबीवर लोह आहे.

कळवा_दवाखाना

दूध, डाळ, पनीर, अंडं, सगळ्यात प्रथिनं. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला लेव्होडोपा जी दारं वापरते, तीच प्रथिनांमधली अमिनो आम्लं वापरतात. गर्दीत गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर. मळमळलं तर एखादं खारं बिस्किट चालेल. बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एक फोन करा, ते हो म्हणतील.

आषाढी

उपासालाही थोतांडात काढू नका. पेशी उपाशी राहिली की स्वतःतला कचरा खाते, याच शोधासाठी २०१६ चं नोबेल आहे. आपल्या पूर्वजांनी एकादशी उगाच नाही सांगितली.

तिरकस

पूर्वजांनी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट आणि वर वऱ्याच्या तांदळाचे धिरडेही सांगितले. पेशी उपाशी राहायला संधी कुठे मिळते?

माशीवाली_नेरूळ

मी डॉक्टर नाही. पीएचडीची सहा वर्षं फळमाश्यांवर काढली, त्यातली चार नेमकी या विषयावर. त्यामुळे धागा बघून राहवलं नाही. आता हे काम सोडलंय, पण अजून केळ्याच्या सालीवर माशी दिसली की तिचे पंख बघते.

आधी शब्द. बालभारतीच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रिया म्हणजे तंतुकणिका, "पेशीचं ऊर्जाघर". आणि लायसोसोम म्हणजे लयकारिका, "आत्मघाती पिशव्या". नववीत पाठ केलंय सगळ्यांनी.

तंतुकणिकांचा पार्किन्सन्सशी संबंध आहे ही गोष्ट खरी आहे आणि जुनी आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक पुतळ्यासारखे थिजलेले सापडले. सगळ्यांनी चोरून बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं. विल्यम लँगस्टन नावाच्या न्यूरोलॉजिस्टने छडा लावला. त्या मालात एमपीटीपी नावाचं द्रव्य चुकून तयार झालं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं विष बनतं आणि ते तंतुकणिकांच्या ऊर्जा बनवायच्या साखळीतली पहिलीच कडी बंद पाडतं. मरतात कोण, तर मुख्यतः डोपामाइन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं निरोप्या रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मरतात त्याच. लेव्होडोपा दिल्यावर ती मुलं हलायला लागली.

नंतर जनुकं सापडली. तरुणपणी पार्किन्सन्स झालेल्या घराण्यांमध्ये १९९८ साली जपानी संशोधकांना 'पार्किन' मिळालं, २००४ मध्ये 'पिंक-१'. ही दोघं नेमकं काय करतात ते मात्र कळत नव्हतं. इथे माझ्या माश्या आल्या.

पिंक-१ नसलेली माशी बाटलीबाहेरूनच ओळखू येते. पंख नीट मिटत नाहीत, एकतर वर उभे नाहीतर खाली लोंबलेले. पाठीवर खळगा पडलेला असतो, कारण खालचा उडायचा स्नायूच झिजलेला. काचेची नळी टेबलावर हलकेच आपटली की सगळ्या माश्या तळाशी पडतात. धडधाकट माश्या काही सेकंदांत भराभरा वर चढतात. या तळाशीच चाचपडत राहतात. मी अशा हजारो नळ्या आपटल्या आहेत, हातात स्टॉपवॉच घेऊन. पार्किन नसलेली माशीही हुबेहूब अशीच दिसते. २००६ मध्ये गंमत कळली. पिंक-१ नसलेल्या माशीला पार्किन जास्तीचं दिलं तर पंख सुधारतात, उलटं केलं तर सुधारत नाहीत. म्हणजे दोघं एकाच साखळीत आहेत, आणि पिंक-१ वरच्या टोकाला.

ती साखळी ठाणेकरांना समजेल अशी सांगते. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते ना, तीच.

समजा पालिकेचा शिपाई प्रत्येक इमारतीत सतत नोटीस घेऊन येतो. इमारतीत वीज असली, गेट उघडलं, तर तो आत जातो आणि आत गेल्यावर त्याचे कागद फाडून टाकले जातात. बाहेर काहीच दिसत नाही. हा शिपाई म्हणजे पिंक-१. निरोगी तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर विजेचा दाब असतो, त्या दाबावर पिंक-१ आत खेचलं जातं आणि तिथे त्याचे तुकडे होतात. तंतुकणिका बिघडली की दाब पडतो. गेट उघडत नाही. शिपाई बाहेरच अडकतात, त्यांची गर्दी होते. ती गर्दी हाच धोक्याचा इशारा. मग ते पार्किनला बोलावतात, पार्किन इमारतभर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची स्टिकरं डकवतं, स्टिकरं पाहून आणखी पार्किन येतं, आणि शेवटी सगळी इमारत एका पिशवीत गुंडाळून लयकारिकेकडे पाडकामाला जाते. बिघडलेल्या तंतुकणिकेवर पार्किन धावून जातं हे २००८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. या प्रकाराला मायटोफॅजी म्हणतात.

नोबेल म्हणाल तर ते २०१६ साली योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते या शोधासाठी, यीस्टवरच्या कामासाठी. पार्किन्सन्सच्या उपचारासाठी नाही आणि कॅप्सूलसाठी तर नाहीच. त्या बाईंनी आंब्याच्या झाडाला मिळालेलं बक्षीस दाखवून कैरीचं सरबत विकलं.

सानपाडा_लोकल

दंडवत! वाचनखूण साठवली.

ऑडिटर_कोपरी

ताई, उपमा आवडली, पण माझा धंदाच स्ट्रक्चरल ऑडिटचा, त्यामुळे थोडी दुरुस्ती. धोकादायक म्हटली की इमारत पाडतात असं नाही. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बीला लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ला किरकोळ डागडुजी. ठाण्यात सी-१ मूठभर, बाकीच्या शेकडो-हजारो. तुमच्या पेशीत सगळ्यांना थेट सी-१ का?

आणि दुसरं, जे आम्ही रोज बघतो. पाडणं सोपं असतं. नौपाड्यात पाडून ठेवलेले प्लॉट बघा. बिल्डरकडे पैसा नाही, रहिवासी भाड्याने कळव्या-दिव्याला, भाडंही बंद. पाडल्यावर बांधणार कोण? पेशीत पुनर्विकास कोण करतं?

माशीवाली_नेरूळ

ऑडिटरसाहेब, हा प्रश्न तुम्ही माझ्या व्हायव्हाला विचारला असता तर मी रडले असते.

आधी सी-१, सी-२. पेशीतही वर्गवारी आहे. तंतुकणिका एकमेकींना जुळतात, परत तुटतात. खराब भाग एका टोकाला काढून तेवढाच तोडता येतो, म्हणजे एक विंग पाडली. त्याहून छोटा बिघाड असेल तर नुसती एक बारीक पुडी कापून लयकारिकेकडे पाठवतात. अख्खी इमारत पाडणं हा शेवटचा उपाय.

पुनर्विकासाचा प्रश्न मात्र खराच मोठा आहे. जुन्या काढताना नव्या बनल्या नाहीत तर पेशी अंधारात. चेतापेशीला ते अजिबात परवडत नाही. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जा खातो जवळपास वीस टक्के. त्यात डोपामाइनवाल्या पेशी म्हणजे अतिरेक. एकेका पेशीच्या फांद्या इतक्या पसरतात की माणसात एका पेशीचे जोड दहा लाखांवर जात असावेत असा अंदाज आहे. पेशीचं मुख्य ऑफिस ठाण्यात आणि इमारती पार मुरबाड-शहापूरपर्यंत. तिथे नोटीस लावायची, तिथून मलबा आणायचा, तिथे नवं बांधायचं.

मलब्याचं आणखी वेगळं. पाडकाम झालं पण डंपर रिकामा झाला नाही तर? पार्किन्सन्सचा धोका वाढवणारं जगात सर्वांत जास्त आढळणारं जनुक जीबीए-१ आहे आणि ते लयकारिकेतल्या एका एन्झाइमचं आहे. म्हणजे काहींच्या बाबतीत घोटाळा नोटिशीत नाही, डंपिंग ग्राउंडवर आहे. तिथे तुम्ही पाडकामाचा वेग वाढवलात तर रस्त्यावर ढिगारा वाढेल.

तिरकस

आता गंभीरपणे विचारतो. पिंक-१ आणि पार्किन बिघडलेली माणसं किती? पाचपाखाडीकरांच्या वडिलांना सत्तरीत झालाय, घराण्यात कुणाला नाही. त्यांच्या पेशीत नोटीस खातं व्यवस्थित चालू असेलही. मग हे सगळं त्यांना लागू कसं?

माशीवाली_नेरूळ

तिरकस, नावाला जागलात.

बरोबर आहे. ही दोन जनुकं बिघडलेले लोक थोडे, आणि बहुतेक तरुणपणी आजारी पडलेले. बाकीच्यांत संबंध किती, यावर भांडणं आहेत. एका बाजूने पुरावा असा की मृत्यूनंतर तपासलेल्या पार्किन्सन्सच्या मेंदूंत पिंक-१ ने शिक्का मारलेली स्टिकरं जास्त साचलेली दिसतात. नोटिसा लागल्या, पाडकाम तुंबलं, असा त्याचा एक अर्थ. दुसऱ्या बाजूने, पिंक-१ काढून टाकलेला उंदीर बऱ्यापैकी मजेत जगतो. २०१८ मध्ये चमकणाऱ्या खुणा लावलेल्या उंदरांत आणि माश्यांत बघितलं तर पिंक-१ नसतानाही रोजची मायटोफॅजी चालूच होती. म्हणजे हे एकच खातं नाही, पालिकेत इतरही विभाग आहेत. तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तयार होताना आपल्या सगळ्याच्या सगळ्या तंतुकणिका काढून टाकतात, ते काम निक्स नावाचं वेगळंच प्रथिन बघतं. आणि यूल यांचा मूळ प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींना एक जबर विष देऊन केलेला होता. सगळ्या ठाण्याची वीज एका क्षणी घालवली तर नोटिसा दिसणारच. रोजच्या आयुष्यात एखाद्या इमारतीचा फ्यूज उडतो, तेव्हा काय होतं हे वेगळं.

मला विचाराल तर विज्ञान भक्कम, उपचार अजून तान्हा.

सानपाडा_लोकल

ताई, डाळिंबाचं खरं काय? एपीएमसीच्या फळ मार्केटमध्ये आमचा गाळा आहे. हल्ली गिऱ्हाईक विचारतं, "मेंदूवालं डाळिंब कुठलं?" मी म्हणतो, सगळी भगवा, सगळी सोलापूरकडची, मेंदू तुमचा तुम्ही आणा.

माशीवाली_नेरूळ

हाहा. त्यामागे युरोलिथिन-ए आहे. आणि बहुधा त्या पॅकेजमधली कॅप्सूलही तीच असावी. पाचपाखाडीकर, डबी बघा.

डाळिंबात युरोलिथिन नसतं. डाळिंबात आणि अक्रोडात जे तुरट पदार्थ असतात ते आतड्यात गेले की काही जीवाणू त्यातून हे बनवतात. सगळ्यांच्या आतड्यात ते जीवाणू नसतात, त्यामुळे एकाच घरात दोघांनी तेवढंच डाळिंब खाल्लं तरी एकाला मिळतं, दुसऱ्याला नाही. २०१६ मध्ये दिसलं की सूक्ष्म कृमींना ते दिलं तर मायटोफॅजी वाढते आणि ते जास्त जगतात, म्हातारे उंदीर जास्त पळतात. त्यानंतर माणसांवर चाचण्या झाल्या, त्या मुख्यतः उतारवयातल्या लोकांच्या स्नायूंबद्दल. पार्किन्सन्सचा रुग्ण त्याने सुधारतो असं कुठल्याही मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही.

डाळिंब खा, चांगलं फळ आहे. सानपाड्यांचा गाळाही चालायला हवा.

पाचपाखाडीकर

बघितलं. युरोलिथिनच आहे, आणि सोबत को-एन्झाइम क्यू-१०.

कळवा_दवाखाना

क्यू-१० बद्दल मी बोलतो, कारण एकेकाळी मी स्वतः लिहून द्यायचो. तंतुकणिकांच्या साखळीत ते लागतंच, तेव्हा वरून दिलं तर फायदा होईल, असा साधा हिशेब. सुरुवातीची छोटी चाचणी आशा दाखवणारी होती. मग अमेरिका-कॅनडात ६०० रुग्णांवर मोठी चाचणी केली, दिवसाला १२०० आणि २४०० मिलिग्रॅम. फायदा नाही म्हणून मध्येच थांबवली, २०१४ मध्ये निकाल छापून आला. क्रिएटिनचंही तेच. १७४१ रुग्ण, किमान पाच वर्षांची योजना, २०१५ मध्ये निकाल, फायदा शून्य. त्यानंतर मी क्यू-१० लिहायचं सोडलं. मेडिकलवाला माझ्यावर अजून नाराज आहे.

"तंतुकणिकेसाठी चांगलं" आणि "पार्किन्सन्सच्या माणसासाठी चांगलं" यांच्यात असे दोन मोठे खड्डे आधीच पडलेत.

माशीवाली_नेरूळ

+१. आणि म्हणूनच आता औषध शोधणारे वेगळ्या दिशेने जातायत. इमारतीत एक रहिवासी असतोच, जो रात्री उतरून नोटिसा काढून टाकतो.

तिरकस

आमच्याकडे तीन आहेत.

माशीवाली_नेरूळ

तंतुकणिकेच्या बाहेरच्या पडद्यावर राहणारा असा एक जण आहे, यूएसपी-३०. पार्किनने स्टिकर लावलं की हा सोलतो. २०१४ मध्ये त्याचं हे काम उघड झालं. त्याला थोपवलं तर स्टिकर टिकतील आणि कमजोर पार्किनवरही भागेल, असा विचार. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका कंपनीचं एमटीएक्स-३२५ नावाचं असं औषध माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पोचलंय. पहिला टप्पा म्हणजे अंगाला सोसतं का, मेंदूपर्यंत पोचतं का, एवढंच. दुसरी वाट पिंक-१ ला चेव आणायची. २०२५ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी माणसाचं पिंक-१ तंतुकणिकेच्या दारात कसं बसतं याचं चित्र पहिल्यांदा मिळवलं. वीस वर्षं आम्ही शिपायाबद्दल बोलत होतो, त्याचा चेहरा आत्ता दिसला. चेहरा माहीत असला की औषधाचा साचा बनवता येतो.

तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी का सांगितलं नाही, याचं उत्तर यात आहे. सांगण्यासारखं लिहून देता येईल असं काही अजून आलेलंच नाही.

आषाढी, तुमचं राहिलं. उपासाने स्वभक्षण वाढतं हे खरं, ओसुमींनी यीस्टला उपाशीच ठेवलं होतं. पण तिथे पेशी सरसकट जे मिळेल ते पचवते. २०११ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवलं की पेशी उपाशी ठेवली की तंतुकणिका एकमेकींना जोडून लांबच लांब होतात आणि त्यामुळे पचवल्या जाण्यापासून वाचतात. दुष्काळात कुणी चूल मोडत नाही. म्हणजे उपासाने नेमक्या खराब तंतुकणिका वेचून जातात, असा सरळ हिशेब नाही.

आषाढी

मान्य. एकादशी मी विठोबासाठी करते, तंतुकणिकांसाठी नाही, तेव्हा चालू ठेवते. पण पाचपाखाडीकरांच्या बाबांना नको, त्यांच्या गोळ्यांचं वेळापत्रक आणि वजन आधी.

घंटाळीची_सून

अल्झायमर्सला यातलं काही लागू? सासूबाईंना आहे. त्याच वेलनेसचा फोन आम्हालाही आला होता, बहुतेक भिशी एकच.

माशीवाली_नेरूळ

लागू होऊ शकतं असं दिसतंय, एवढंच. २०१९ च्या एका कामात अल्झायमर्सच्या मेंदूच्या नमुन्यांत मायटोफॅजी मंदावलेली दिसली, आणि कृमी-उंदरांत ती वाढवल्यावर स्मरणशक्ती सुधारली. एएलएस, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार, त्यात जी काही जनुकं बिघडतात, त्यातली ऑप्टिन्यूरिन आणि टीबीके-१ याच पाडकामाच्या टोळीतली आहेत. पण उंदरातला अल्झायमर्स आजवर कितीदा तरी बरा झालाय. माणसाचा नाही. पॅकेज घेऊ नका.

कळवा_दवाखाना

पाचपाखाडीकर, लिफ्टच्या दाराचं कुणी बोललंच नाही. पाय चिकटतात तिथे जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, एकेका पावलाच्या अंतरावर, रंग फरशीपेक्षा वेगळा. ओढू नका, "चला चला" करू नका. पट्टी ओलांडायला सांगा. आपोआप चालायची वाट मेंदूत अडलेली असते, डोळ्यासमोर काही ओलांडायचं ठेवलं की तो दुसऱ्या वाटेने जातो. तालावरही जमतं. माझे एक रुग्ण वारकरी, अडले की तोंडाने "ज्ञानोबा-तुकाराम" सुरू करतात आणि ठेक्यावर पाऊल निघतं.

आणि व्यायाम, पण रमतगमत नको. २०१८ मध्ये १२८ नव्या रुग्णांवर ट्रेडमिलची चाचणी झाली. जे आठवड्यातून चार दिवस चांगली धाप लागेल असे चालले, त्यांची लक्षणं सहा महिन्यांत फारशी वाढली नाहीत. हृदय तपासून घ्या आणि तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारा, गर्दी व्हायच्या आत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्याशीही बोला, घरच्यांना फार आधार मिळतो.

पाचपाखाडीकर

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय.

पॅकेज घेतलं नाही. आईने आगाऊ भरलेले दोन हजार मात्र गेले. परत मागितले तर म्हणाल्या, त्यात कन्सल्टेशन झालं. जाऊ दे.

न्यूरोलॉजिस्टना दुधाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच म्हणाले, विचारायला हवं होतं मी. आता सकाळची गोळी साडेसहाला पाण्याबरोबर, दूध सव्वासातला. आधी आंघोळीला बसेपर्यंत अंग सुटायचं नाही, आता त्याआधी शर्टाची बटणं स्वतः लावतात. वरचं एक सोडून.

धागा मी मोठ्या अक्षरात छापून बाबांना दिला. दोन दिवस वाचत होते, पेन्सिलने खुणा करत. मग म्हणाले, "ऑडिटर बरोबर बोलतोय. मशीन उघडायला अक्कल लागत नाही, परत जुळवायला लागते." माशीवाली ताईंना त्यांचा निरोप, नळी आपटल्यावर वर चढणाऱ्या माश्या मोजायला माणसापेक्षा फोटोसेल लावा, चूक कमी होईल. आकृती काढून दिली आहे, अक्षर बारीक आहे पण रेघ सरळ आहे. व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

लिफ्टसमोर पिवळ्या टेपच्या पाच पट्ट्या लावल्या. दुसऱ्याच दिवशी बाबा न अडता आत. मी तिथेच उभा होतो, बघत.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. 'लॉबीच्या फरशीवर विनापरवानगी टेप लावू नये, तात्काळ काढावी. हुकुमावरून, सेक्रेटरी.' मी भांडायला निघालो होतो, बाबा म्हणाले थांब. खुर्ची मागवली, बोर्डासमोर बसले, आणि नखाने एका कोपऱ्यापासून ती नोटीस सोलायला लागले. हात थरथरत होता. बारा मिनिटं लागली, मी घड्याळ लावलं होतं. कागद एकाही ठिकाणी फाटला नाही.

यूएसपी-३० आमच्या घरातच निघाला.

तिरकस

काकांना साष्टांग. सेक्रेटरीने दुसरी लावली तर कळवा, मीही येतो सोलायला.